पोराला आधी कोण हाक मारतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा ठेवा बाजूला आणि निवांत वाचा.

पेपरातली एक बातमी आपण सगळेच वाचतो. गावाचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. अमुक ठिकाणी वरली मटक्यावर धाड, चिठ्ठ्या आणि रोख रक्कम जप्त, मोबाईलसह इतक्या हजारांचा मुद्देमाल, ताब्यात घेतलेल्यांत एक 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. नाहीतर सातपुड्याच्या रस्त्यावर नाकाबंदीत देशी कट्टा सापडला आणि गाडीवर मागे बसलेलं पोरगं सोळा-सतरा वर्षांचं. आपण वाचतो, "आजकालचे पोट्टे काही कामाचे नाही राहिले" म्हणतो आणि पान उलटतो.

'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा सरकारी शब्द. त्या शब्दामागे एक पोरगं असतं आणि त्या पोराला तिथपर्यंत कोणीतरी आणलेलं असतं. कोणी आणलं, पहिल्या दिवशी त्याला काय सांगितलं, पहिली नोट हातात कधी दिली, हे बातमीत येत नाही. पोलिसांच्या कागदातही क्वचितच येतं. एका कादंबरीत मात्र ते सगळं आलंय. कादंबरी अमेरिकेची आहे, पण वाचताना मला सारखं आपलं जळगाव जामोद दिसत होतं. म्हणून हा खटाटोप.

कादंबरीचं नाव 'बिली बाथगेट'. लेखक ई. एल. डॉक्टरो. १९८९ साली आली, अमेरिकेत मोठे पुरस्कार मिळाले, १९९१ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. काळ १९३५ चा, मंदीचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या गरीब वस्तीतलं पंधरा वर्षांचं पोरगं. बाप सोडून गेलेला. आई लाँड्रीत काम करते आणि तिचं डोकं ठिकाणावर नसतं. बाथगेट हे त्याचं खरं आडनावही नाही. ते त्याच्या भागातल्या बाजाराच्या रस्त्याचं नाव, ते त्याने स्वतःला लावून घेतलं. आपल्याकडे एखाद्याने 'टॉवर चौकवाला' म्हणून मिरवावं, तसंच.

या पोराला एकच गोष्ट फक्कड जमते. हातात येईल ती वस्तू हवेत फेकून झेलत राहायचं, डोंबाऱ्याच्या खेळासारखं. एक दिवस तो हे रस्त्यावर करत असताना डच शुल्ट्झ नावाचा मोठा गुंड तिथे येतो. पोराकडे बघतो, खूश होतो, दहा डॉलरची नोट देतो आणि पोरगं हुशार आहे असं चारचौघांत बोलतो.

झालं. एवढंच झालं. पण त्या पोराच्या आयुष्यात तोवर एकाही मोठ्या माणसाने थांबून त्याच्याकडे बघितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तो टोळीच्या मागे मागे फिरायला लागतो. आधी झाडलोट, कॉफी आणणं, निरोप पोचवणं. मग जवळ उभं राहणं. मग जे बघू नये ते बघणं. कादंबरीची सुरुवातच एका रात्रीच्या बोटीवर होते. टोळीतल्याच एका माणसाचे पाय सिमेंटमध्ये घालून त्याला समुद्रात बुडवायला नेताहेत आणि हे पोरगं तिथे उभं राहून सगळं बघतंय.

डच शुल्ट्झ हा लेखकाने बनवलेला माणूस नाही. तो खरा होता. खरं नाव आर्थर फ्लेगनहायमर. दारूबंदीच्या काळात चोरटी बिअर विकून मोठा झाला. १९३३ च्या शेवटी दारूबंदी उठली, पण तोवर त्याने दुसरा धंदा धरलेला होता. तो धंदा म्हणजे आकडा.

हो, आकडाच. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत, खास करून हार्लेममध्ये, लोक रोज चिल्लर लावायचे तीन अंकी आकड्यावर. हजारातून एक आकडा निघणार आणि लागला तर सहाशे पट मिळणार. उरलेले चारशे कुणाचे, ते सांगायला नको. त्यातही शुल्ट्झकडे ऑटो बर्मन नावाचा हिशेबनीस होता, तोही खराच माणूस. आकडा ठरायचा घोड्यांच्या शर्यतीवर लागलेल्या रकमांवरून. बर्मन शेवटच्या घटकेला शर्यतीवर अशा हिशेबाने पैसे लावायचा की ज्या आकड्यावर लोकांचे सगळ्यात कमी पैसे, तोच निघेल. कादंबरीत हा बर्मन बिलीचा मास्तर होतो. पोराला खरं शिकवणारा माणूस टोळीत भेटतो, हे वाचताना मला कसंतरीच झालं.

आता हे आपल्याशी कुठे जुळतं ते बघा.

मुंबईचा मटका सुरू झाला कापसावरून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा आणि लोक त्या भावाच्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आकडे काढायची स्वतःची पद्धत बसवली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. मडकं म्हणून मटका, वरळी म्हणून वरली. आज आपल्याकडे चिठ्ठी लिहिणारा 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतो, तो कापसाच्या बाजाराचा शब्द बोलतो आणि त्याला ते माहीतही नसतं.

कापूस म्हणजे कोण? आपणच. हा सगळा पट्टा काळ्या मातीचा आणि पऱ्हाटीचा. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला तो इथला कापूस न्यायला. इथला कापूस बाहेर गेला, त्याच्या भावावर लोकांनी जुगार मांडला आणि तो जुगार फिरून आपल्याच तालुक्याच्या गावात पानठेल्याच्या मागे येऊन बसला. शेतकऱ्याला कापसाला भाव मिळो न मिळो, भावावरच्या जुगाराचा वारसा मात्र त्याच्या पोराला मिळाला.

हिशेब सोपा आहे. जोडी म्हणजे शंभरातून एक. लागली तर साधारण ९० पट. रोज १० रुपये लावणाऱ्याचे शंभर दिवसांत १,००० जातात आणि नशीब अगदी सरासरी असलं तर ९०० परत येतात, तेही आकडा इमानदारीने निघाला तर. बर्मनची गोष्ट वाचल्यावर इमानदारीचा भरवसा कुणी धरावा? आता तर हाच आकडा मोबाईलवर आलाय. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, चांगलं केलं. पण १८८७ चा जुगारबंदीचा कायदा असूनही चिठ्ठी सव्वाशे वर्षांवर चाललीच ना?

पण माझा मुद्दा जुगाराचा नाही, पोराचा आहे.

आपण समजतो पोरगं पैशाच्या लालचीने जातं. पैसा असतोच. पण 'बिली बाथगेट' वाचताना दिसतं की पैशाच्या आधी दुसरं काहीतरी असतं. कोणीतरी बघितलं. कोणीतरी नावाने हाक मारली. कोणीतरी काम सांगितलं आणि ते झाल्यावर "शाब्बास" म्हटलं.

आता आपल्या गावातल्या पंधरा वर्षांच्या पोराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. शाळेत पन्नास-साठ पोरांत तो एक. पहिल्या पाचात नाही म्हणून सरांना नाव आठवत नाही. घरी बाप शेतात नाहीतर सुरत-पुण्याला कामाला. आई मजुरीवर. संध्याकाळी जायला मैदान नाही. अभ्यासिकेत जागा आहे ती स्पर्धा परीक्षावाल्यांना. त्याला दिवसभरात त्याच्या नावाने हाक मारणारं कोण? तर चौकात बुलेटवर बसलेला एक 'भाऊ'. "काय बे, जेवला का? जा, एवढी चिठ्ठी देऊन ये." बस्स. भरती झाली. वाढदिवसाला तोच भाऊ तलवारीने केक कापतो, पोट्ट्याला फोटोत बाजूला उभं करतो आणि फ्लेक्सवर खालच्या रांगेत त्याचाही फोटो येतो. दहावीच्या निकालात न आलेला फोटो चौकात लागतो. मग त्याने कुणाचं ऐकावं, सांगा.

मराठीत हे कुणी लिहिलं नाही असं नाही. जयवंत दळवींची 'चक्र' १९६३ ची. मुंबईच्या झोपडपट्टीतला बेन्वा, त्याची आई आणि पोराला हिरो वाटणारा लुक्का. स्मिता पाटीलचा १९८१ चा सिनेमा अनेकांनी बघितला असेल, कादंबरी जरूर वाचा. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी लिहिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', १९८७ चं. ती कादंबरी नाही, आत्मकथन आहे, आणि त्याला साहित्य अकादमी मिळालं.

'उचल्या'चं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे गोष्टच उलटी आहे. बिलीला टोळी निवडता आली. लक्ष्मणच्या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारलेला होता. कायदा १८७१ चा. तो १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. तिथे पोरं खिसे कापायला शिकतात ती भुकेपोटी, आणि पोलिसांच्या मारात नाव फुटू नये म्हणून मार खायची सवयही त्यांना घरातूनच लावली जाते. तेव्हा पोरगं टोळीत का गेलं याला एकच उत्तर नसतं. कुठे भूक नेते, कुठे जन्माचा शिक्का नेतो, कुठे कौतुक नेतं. पोराला शिव्या देण्याआधी यातलं काय होतं एवढं तरी विचारावं, इतकंच माझं म्हणणं.

पण ही तिन्ही पुस्तकं वाचून झाली तरी एक जागा रिकामी राहते. मुंबईची वस्ती आली, लातूरकडचं गाव आलं. तालुक्याचं गाव कुठे आहे? जिथे गुंड आणि पुढारी एकाच लग्नात एकाच सोफ्यावर बसतात, जिथे चिठ्ठी लिहिणारा आपल्याच वर्गातला असतो आणि धाड टाकणारा आपल्याच शेजारी भाड्याने राहतो, त्या गावातल्या पोराची कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. आपल्याकडे लिहिणारी पोरं आहेत, वऱ्हाडीत झकास लिहितात. नुसत्या विनोदी रील्सवर थांबू नका रे बावा. हे लिहा.

आता कादंबरीतला मला सगळ्यात टोचलेला भाग.

शुल्ट्झवर कर बुडवल्याचा खटला असतो. खटला शहरातून उचलून दूरच्या एका छोट्या गावात नेतात, कारण तिथल्या साध्यासुध्या शेतकऱ्यांतून ज्युरी निवडले तर न्याय होईल. शुल्ट्झ काय करतो? टोळी घेऊन त्या गावात आधीच मुक्काम ठोकतो. अडलेल्यांची कर्जं फेडतो, देणग्या देतो, चर्चमध्ये जातो. बिलीला चर्चच्या रविवारच्या शाळेत घालतो, म्हणजे टोळीवाला माणूस कसा घरंदाज दिसावा! गाव खूश. खटला लागतो आणि साहेब सुटतात.

हेही निव्वळ कल्पनेतलं नाही. खऱ्या शुल्ट्झचा खटला १९३५ च्या उन्हाळ्यात मलोन नावाच्या छोट्या गावात चालला. त्याने तिथे असंच गाव जिंकलं आणि तो सुटला.

गाव विकलं गेलं असं म्हणणं सोपं आहे. त्या गावातल्या लोकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, माणूस कसाही असो, आमच्या अडचणीला आला ना! आपल्याकडे हे वाक्य कुणी ऐकलं नाही? गणपतीची मोठी पावती कुणाची, भंडाऱ्याची बुंदी कुणाची, कबड्डीच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस कुणाच्या नावाने? पैसा कुठून आला हे मंडळ विचारत नाही. मी सरसकट सगळ्यांबद्दल बोलत नाही. कष्टाच्या पैशातून देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळेच गावं चालतात. पण बाकीच्यांच्या पावत्याही आपण त्याच हाताने फाडतो. आणि स्टेजवर त्या माणसाच्या गळ्यात हार पडतो तेव्हा खाली मांडी घालून बसलेलं पोरगं ते बघत असतं. त्याला शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा तो हार जास्त शिकवतो.

काही जण म्हणतील, असली पुस्तकं आणि सिनेमेच पोरं बिघडवतात. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. 'बिली बाथगेट'मध्येही टोळीची चमक आहे, मोटारी आहेत, उंची कपडे आहेत. आणि शेवटी पोरगं वाचतं, शुल्ट्झच्या पैशापर्यंत पोचतं आणि पुढे मोठा माणूस होतं. हा शेवट मला पटला नाही. पण एक लक्षात घ्या, गोष्ट सांगणारा तो स्वतःच आहे. जो वाचला तो सांगतोय. खरा शुल्ट्झ २३ ऑक्टोबर १९३५ ला न्यूअर्कच्या एका हॉटेलात गोळ्या खाऊन पडला आणि दुसऱ्या दिवशी मेला. पस्तिशीही गाठली नव्हती. सरकारी वकील थॉमस ड्यूईला मारायचं म्हणत होता, त्याचा बोभाटा आपल्यावर येईल म्हणून त्याच्याच धंद्यातल्या बाकीच्या टोळ्यांनी त्याला उडवला. सोबत तो हिशेबनीस बर्मनही गेला. त्या टोळ्यांच्या मागे फिरणारी किती पोरं अशी गेली असतील, त्यांच्या कादंबऱ्या झाल्या नाहीत. मेलेलं पोरगं कादंबरी लिहीत नाही आणि बालसुधारगृहातून परत आलेल्याला कोणी विचारत नाही.

म्हणून पुस्तक लपवण्यापेक्षा पोरासोबत बसून वाचलेलं बरं. रीलमध्ये फक्त हार, बुलेट आणि गाणं असतं. कादंबरीत बोटीवरची ती रात्रही असते.

आता कायद्याचं. हे जरा नीट वाचा, कारण बहुतेकांना माहीत नसतं.

अल्पवयीन पोरगं गुन्ह्यात सापडलं की आपली मागणी ठरलेली: कायदा कडक करा, वय कमी करा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट आधीच ठेवलेली आहे, मंडळाने तपासणी करून ठरवायचं. पण त्याच कायद्यात कलम ८३ आहे. जो प्रौढ माणूस किंवा प्रौढांची टोळी बेकायदा कामासाठी मुलाला वापरेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आहे. गुन्हा करण्यासाठी मुलाला कामाला लावलं तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं कैद आणि दंड, आणि मुलाने तो गुन्हा केलाच तर तो त्या माणसाने स्वतः केला असं धरून त्याचीही शिक्षा.

म्हणजे हाक मारणाऱ्यासाठी कायद्यात जागा आहे. मग बातमीत तो का दिसत नाही? चिठ्ठी घेऊन फिरणारं पोरगं सापडतं, चिठ्ठी ज्याच्याकडे जाते तो कसा सापडत नाही? कट्टा कमरेला लावणारा सापडतो, लावायला देणारा कुठे जातो? पोलिसांवर ताण आहे, माणसं कमी आहेत, हे मान्य. पण पोरगं पकडून प्रकरण मिटलं असं धरलं तर त्या भाऊला उद्या दुसरं पोरगं मिळतं. त्याचं फक्त एक पोट्टं कमी झालेलं असतं.

तर आपण काय करू शकतो? तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही आपल्या हातातल्या.

एक. माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये लागतात. आपल्या जिल्ह्यात मागच्या पाच वर्षांत बाल न्याय कायद्याचं कलम ८३ किती गुन्ह्यांत लावलं आणि २०२४ नंतर न्याय संहितेचं कलम ९५ किती गुन्ह्यांत, एवढंच विचारायचं. मी टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो, आकडा काहीही असो. दुसऱ्या तालुक्यातल्यांनी आपापल्या जिल्ह्यासाठी टाकावा.

दोन. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा असं कायदा सांगतो. आपल्या ठाण्यात तो कोण आहे, हे शाळेच्या मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी, गणेश मंडळांच्या अध्यक्षांनी विचारून ठेवावं. पोरगं सापडल्यावर धावण्यापेक्षा, चौकात उभं राहायला लागलं तेव्हाच बोलता येतं. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर शाळेच्या भिंतीवर ठळक लिहा.

तीन. वाचनालय. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदान येतं, आपल्याही तालुक्यात वाचनालयं आहेत. रविवारी दोन तास आठवी ते दहावीच्या पोरांसाठी उघडा. 'उचल्या' ठेवा, 'चक्र' ठेवा. इंग्रजी वाचता येणारा कोणी असेल तर बिलीची गोष्ट त्याने मराठीत तोंडी सांगावी, दोन रविवारांत होईल. पाच पोरं आली तरी चालतील. पण त्या पाचांची नावं पाठ करा आणि पुढच्या रविवारी नावाने हाक मारा. त्यांना काहीतरी काम सांगा. पुस्तकांची यादी लिहायला लावा, खुर्च्या मांडायला लावा, झालं की सगळ्यांसमोर शाब्बास म्हणा. डच शुल्ट्झला यापेक्षा जास्त काही करावं लागलं नव्हतं.

मी रविवारचे दोन तास द्यायला तयार आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा भागातले आणखी कोण कोण येता, खाली नाव लिहा. आणि कुणाला माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा. फक्त कुठल्या पोराचं नाव, फोटो कमेंटमध्ये टाकू नका. तसं करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तसंही ते बरं दिसत नाही.